भिंत न फोडता पाइप गप्प करणारा प्लंबर, कोथरूड : पाचपैकी साडेचार तारे

अर्धा तारा कुरडयांपायी गेला, ते पुढे येईलच.

आधी तक्रार काय होती ते सांगतो, म्हणजे ज्यांच्या घरी असंच चाललंय त्यांना पुढचं वाचायचं की नाही हे ठरवता येईल. आमची इमारत १९९८ सालची, तळमजला अधिक तीन. आम्ही तिसऱ्यावर, म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. गच्चीत सोसायटीची टाकी, आमचा २०० लिटरचा, पाणी तापवायचा ट्यूबवाला सोलर, आणि गार पाण्याच्या लाइनवर एक छोटा प्रेशर पंप. टाकी इतकी जवळ आहे की पंपाशिवाय शॉवर नुसता ठिबकतो. दोन वर्षांपूर्वी जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी पाइप गंजले म्हणून डक्टमधली (पाइप जातात त्या उभ्या पोकळीतली) सगळी लाइन काढून सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकची टाकली. तेव्हापासून सकाळी गरम पाणी सोडलं की भिंतीत टिक्... टिक्-टिक् व्हायचं, नखाने फरशी वाजवावी तसं. ते चालवून घेतलं. पण या दिवाळीनंतर ठोके सुरू झाले. वॉशिंग मशीन पाणी घेता घेता थांबलं की धड्-धड्-धड्. आणि रात्री घर झोपलेलं, सगळे नळ बंद, तरी मधूनच एक धप्प. पलंगाची उशाकडची बाजू डक्टच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे तो ठोका कानात नाही, कवटीत बसायचा.

खालच्या वहिनींनी आधी आडून विचारलं, "काका, रात्री काही काम काढलंय का?" आठवड्याने सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: रात्री दहानंतर सभासदांनी ठोकाठोकी करू नये. नाव कोणाचं घेतलं नव्हतं. म्हणजे कोणाचं ते सगळ्यांना कळलं होतं.

त्यात माझी अडचण निराळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये मी ३१ वर्षं काढली. प्रथम श्रेणी बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट अजून फायलीत आहे. पाइप का वाजतो हे मला दुसऱ्या कोणी सांगावं, ही कल्पनाच सहन होईना. घरात जाहीर करून टाकलं, "हवा अडकलीय." मग महिनाभर सकाळ-संध्याकाळ सगळे नळ सोडून हवा काढत बसलो. हवा निघाली की नाही देव जाणे, पाणी मात्र भरपूर निघालं. शेवटी आमची ही म्हणाली, "बॉयलरवाले, आता प्लंबर बोलवा."

पहिला ॲपवरून बोलावला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चूक कंपनीची की आलेल्या माणसांची हे मला ठरवता येत नाही. दोघे आले, एकसारखे टीशर्ट, बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. या पिशव्यांनी आमची ही खूश. चार मिनिटं बाथरूममध्ये उभे राहिले, एक नळ उघडला, बंद केला, भिंतीवर थाप मारली आणि म्हणाले, "कन्सील्ड लाइनचा प्रॉब्लेम आहे, टाइल्स काढाव्या लागतील." ३८,००० रुपये, टाइल्सचे वेगळे. गच्चीवर दोघांपैकी एकही गेला नाही. आवाज कधी येतो, हे एकानेही विचारलं नाही. तपासणीचे ४९९ रुपये ॲपने आधीच कापून घेतले होते.

भिंत फोडायची म्हटल्यावर मला जर्सी सिटी आठवली.

थोडं विषयांतर होणार आहे, पण मुद्द्याचं आहे. २०१८ च्या जानेवारीत आम्ही दोघं लेकीकडे, अमेरिकेत जर्सी सिटीला गेलो होतो. तिचं भाड्याचं घर जुनं, लाकडी. तळघरात बॉयलर, खोलीखोलीत त्याच्या वाफेने तापणारे बिडाचे रेडिएटर, आणि बाहेर बर्फ. पहिल्याच पहाटे चार वाजता दचकून उठलो. कोणीतरी हातोडा घेऊन पाइप बडवत तळघरातून वर येतंय असं वाटावं, असा आवाज. लेक म्हणाली, "बाबा, झोपा. थंडीभर असंच चालतं. घरमालक म्हणतो, जुनं घर आहे, चालायचंच."

मी कसला झोपतोय! हा आवाज मी ओळखत होतो. नव्या पोराने गार पडलेल्या लाइनवर वाफेचा व्हॉल्व्ह घाईने सोडला की अख्खं शेड हलवणारा हाच आवाज. आमच्या भाषेत वॉटर हॅमर. वाफेच्या पाइपात पाणी साचून राहिलं की वाफ त्यावरून वाऱ्यासारखी जाते, त्याला लाट आणते, लाट उंचावून पाइप भरला की तो पाण्याचा गोळा बंदुकीच्या गोळीसारखा पुढे ढकलते. तो पुढच्या एल्बोवर, म्हणजे वळणाच्या जोडावर, जाऊन आपटतो. दुसरा प्रकार आणखी वाईट. गार पाण्यात सापडलेली वाफ क्षणात विरते. एक लिटर पाण्याची साध्या दाबाला १,६०० लिटरच्या वर वाफ होते. ती परत पाणी झाली की तेवढी जागा एकदम रिकामी होते आणि आजूबाजूचं पाणी तिथे धावून आपटतं. म्हणून कारखान्यात वाफेच्या लाइनला उतार देतात, ३० ते ५० मीटरवर पाणी काढायची जागा ठेवतात आणि तिथे ट्रॅप बसवतात, म्हणजे वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह.

तिकडच्या जुन्या घरात ट्रॅपसुद्धा नव्हता. रेडिएटरला एकच पाइप. त्यातूनच वाफ वर जाते आणि तिचं पाणी झालं की त्याच पाइपातून, उताराने, तळघरात परत येतं. शनिवारी संध्याकाळी तुळशीबागेच्या बोळात दोन्हीकडून माणसं चालतात ना, तसं. प्रत्येकजण आपली बाजू धरून चालला तर ठीक, मध्येच एखादा पिशव्या घेऊन थांबला की संपलं. इथे थांबली होती माझी लेकच. खोली फार तापते म्हणून तिने रेडिएटरचा व्हॉल्व्ह अर्धा फिरवून ठेवला होता. एका पाइपाच्या रेडिएटरला ते चालत नाही. एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. अर्ध्यात वाफ वर शिरते, पण पाण्याला खाली यायला वाट राहत नाही.

तो उघडल्यावर निम्मा आवाज गेला. मग उतार बघायची लेव्हलची बाटली आणवली. बिडाचं ते वजनदार धूड वर्षानुवर्षं लाकडी जमिनीत रुतून उलट्या बाजूला कललं होतं, पाणी व्हॉल्व्हकडे यायच्या ऐवजी दुसऱ्या टोकाला साचत होतं. रेडिएटर गार असताना जावयाने पहारीने ते टोक हलकेच उचललं आणि मी पायांखाली पुण्याहून खिशात आलेली पाच रुपयांची जाडी नाणी सारली, दोन-दोन. अजून तिथेच असतील. तळघरात तिसरं कारण सापडलं: बॉयलरपासून निघालेल्या आडव्या पाइपाची एक टांगणी तुटून पाइप बोटभर खाली आला होता आणि त्या झोळात रोज पाणी साचत होतं. दाबाच्या गेजवर काटा सात पौंडांवर (चौरस इंचाला). आमच्या कारखान्यात १० किलोवर काम चालायचं, म्हणजे १४० पौंडांच्या वर, तेव्हा सात पौंड मला पोरखेळ वाटला. पण घर तापवायला दोन पौंडांच्या आतच पुरतं. दाब वाढवून घर जास्त तापत नाही, उलट रेडिएटरच्या टोकाचे हवा सोडणारे छोटे व्हेंट बिघडतात. बॉयलरला मात्र मी हात लावला नाही. परका देश, परक्याचा बॉयलर. घरमालकाच्या माणसाला बोलावून दाखवलं, त्याने दाब उतरवला आणि टांगणी बांधली. मग पहाटे ऐकू यायचा तो फक्त व्हेंटचा सुस्कारा. लेक म्हणाली, "हाही घालवता का?" म्हटलं, हा घालवायचा नसतो, हा चांगला.

त्या घरात एक इंच भिंत फोडली नाही. म्हणून ३८,००० च्या कोटेशनकडे बघून मला पटेना. पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गच्चीची शिडी मला बंद आहे. खरं कारण गच्चीत असणार असा संशय होता, आणि मी खाली नळ सोडत बसलो होतो.

मग कर्वे पुतळ्याजवळच्या हार्डवेअरवाल्याने एक नंबर दिला. हा माणूस एकटाच काम करतो, पाटी नाही, दुकान नाही. नंबर इथे टाकत नाही, त्याला न विचारता टाकणं बरं दिसत नाही. पुतळ्याजवळ विचारलंत तर मिळेल. वय सत्तावीस-अठ्ठावीस, मूळचा बार्शीकडचा.

"दहाला येतो" म्हणाला आणि बारा वीसला आला. मधल्या वेळात दोनदा "आलोच काका." ही नोंद मी करून ठेवतोय.

पण आल्यावर त्याने नळाला हात लावायच्या आधी विचारलं, "काका, आवाज कधी कधी येतो?" मी वही पुढे केली. ३१ वर्षं दर तासाला लॉग बुकात दाब, फीड वॉटरचं तापमान, ब्लोडाउन लिहिलेला माणूस आहे मी. झोप येत नव्हती तेव्हा पाच रात्री ठोक्यांचाही लॉग ठेवला होता: वेळ, आवाजाची जात, तेव्हा कुठला नळ चालू, शेरा. घरच्यांनी त्या वहीची यथेच्छ थट्टा केली होती. हा मात्र दारातच चप्पल न काढता, भिंतीला टेकून ती वही वाचत उभा राहिला. रात्रीच्या रकान्यावरून बोट खाली नेत गेला. १:१०, १:२१, १:३२, १:४३.

"अकरा-अकरा मिन्टं. घड्याळ लावल्यागत. काका, कुठंतरी पाणी चाललंय तुमचं."

"नळ सगळे बंद असतात रे."

"नळ बंद असत्याल. पाणी चाललंय."

मग हिला मशीन लावायला सांगितलं आणि पिशवीतून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक पाइपावर, मूठ कानाला. मला हसूच आलं. स्टीम ट्रॅप तपासायला मी नेमकं हेच करायचो. थांबून थांबून सोडणारा ट्रॅप ठीक, अखंड सूंऽऽ करणारा वाफ वाया घालवतोय. ही युक्ती माझ्या हातात होती आणि इतके महिने घरातल्या पाइपाला मी कान लावला नव्हता, नुसती मतं देत होतो. तो जागा बदलत गेला: बाथरूम, मशीनमागचा अँगल कॉक, किचनची बाजू, डक्टची खिडकी. मी मध्ये काहीतरी सुचवायला गेलो तर म्हणाला, "काका, दोन मिन्टं गप बसा की." बसलो.

नंतर वॉचमनला सांगून सोसायटीची मोटर दोन मिनिटं चालू-बंद करून घेतली. आणि मग निकाल सांगितला. "काका, आवाज एक न्हाई, तीन हायेत. तुम्ही तिघांला एकच नाव दिलंय."

माझ्या वहीत जातीचा रकाना होता, पण रोग मी एकच धरून चाललो होतो.

तो गच्चीवर गेला आणि मला व्हिडिओ कॉल लावला. पंपाशेजारी फुटबॉलएवढी लाल टाकी असते, प्रेशर टँक. ती कशासाठी असते ते मला ठाऊक होतं: आत रबराचा फुगा, फुग्यात पाणी, भोवती दाबलेली हवा. नळ सोडला की आधी ही हवा पाणी ढकलते, बऱ्यापैकी पाणी गेल्यावर मग पंप सुरू होतो. बंद होतानाही झटका हवाच सोसते. टाकीच्या टोकाला सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो. त्याने टोपण काढलं, फोन जवळ नेला आणि म्हणाला, "बघा हं." पिन दाबली. हवा यायला हवी होती. पाण्याची चिळकांडी आली आणि थेट त्याच्या शर्टावर.

म्हणजे फुगा फाटलेला, टाकी पाण्याने गच्च भरलेली, आत उशी म्हणून हवा शिल्लकच नाही. अशा लाइनीत थेंबभर पाणी कमी झालं तरी दाब उतरतो, पंप उठतो, अर्ध्या सेकंदात दाब चढतो, पंप बसतो. पाइपाला प्रत्येक वेळी हिसका. मशीनचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह तर डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद होतो. धावतं पाणी एकदम अडलं की दाबाची लाट पाइपभर मागेपुढे आपटते. प्लॅस्टिकचा पाइप थोडा फुगतो म्हणून बरं, जीआय असता तर ठोका दुपटीने बसला असता. जर्सीला पाणी नको त्या जागी होतं, इथे हवा हवी त्या जागी नव्हती. आणि मी महिनाभर हवा काढून टाकायच्या मागे लागलो होतो!

रात्रीच्या अकरा मिनिटांचं कोडं खाली येऊन सोडवलं. हिला म्हणाला, "काकू, जिलबीचा रंग हाय का?" शिऱ्यात घालायचा केशरी रंग होता. पाहुण्यांच्या संडासाच्या फ्लश टाकीत त्याने चिमूटभर टाकला आणि कोणी फ्लश करायचा नाही असं बजावून चहा घेतला. दहा मिनिटांनी जाऊन बघतो तर भांड्याच्या पांढऱ्या मागच्या बाजूवर केसाएवढी केशरी रेघ उतरलेली. ती संडास आम्ही महिनोन् महिने वापरत नाही. तळाचा रबरी वायसर कडक झाला होता. त्यातून रात्रभर पाणी झिरपायचं, टाकीचा बॉलकॉक तेवढं भरून घ्यायचा, लाइनचा दाब उतरायचा, दर अकरा मिनिटांनी पंप अर्धा सेकंद धडपडायचा. खालच्या वहिनींची झोप मोडत होता तो ८० रुपयांचा वायसर.

टिकटिकीचं कारण वेगळं, ते गरम लाइनचं. सीपीव्हीसी तापला की चांगलाच वाढतो. गच्चीपासून बाथरूमपर्यंतची आमची लाइन साधारण १२ मीटर. पहाटेचं २० अंशांचं पाणी जाऊन सोलरचं ६० अंशांचं आलं की ती जवळजवळ तीन सेंटिमीटर लांब होते. तोच जीआय असता तर पाच-सहा मिलिमीटर. पाइप बदलणाऱ्याने (हाही दुसरा कोणी, असो) जुन्या जीआयच्याच क्लॅम्पमध्ये नवा पाइप आवळून टाकला होता, आणि स्लॅबच्या भोकात सिमेंट ठासलं होतं. पाइपाला सरकायचंय, क्लॅम्प सोडत नाही. मग तो अडतो, ताणतो आणि सुटतो. ती टिकटिक म्हणजे ते सुटणं.

दुरुस्ती दोन दिवसांनी ठरली. रबर लावलेले, थोडे सैल बसणारे क्लॅम्प कोथरूडात मिळेनात म्हणून ते आणायचं काम मी अंगावर घेतलं आणि रिक्षाने बोहरी आळीत गेलो. रविवार पेठेतल्या त्या गल्लीत गेलं की मला कारखान्याच्या स्टोअरमध्ये आल्यासारखं वाटतं. दुकानदाराने विचारलं, "किती?" म्हटलं, चौदा. त्याने चष्म्यावरून बघितलं. "चौदाच?" पण दिले. दोनशेचं पाकीट गळ्यात मारलं नाही, हे बोहरी आळीच्या मानाने पुष्कळच.

दुसऱ्या खेपेला तो साडेअकराला आला, दहाच्या बोलीवर. प्रगती आहे. लाल टाकी नवी २४ लिटरची बसवली. नवी टाकी म्हणजे लावली आणि झालं असं नसतं. लाइन रिकामी करून, टाकीत पाण्याचा दाब नसतानाच आतली हवा मोजायची असते. पंप १.५ बारला उठतो, तर हवा त्याच्यापेक्षा थोडी कमी, १.३ बार, म्हणजे १९ पौंडांच्या आसपास. त्याने गाडीच्या टायरचं गेज लावलं, कंपनीतून हवा जास्त भरून आली होती ती सोडली, परत मोजली. हे सगळं मी खाली खुर्चीत बसून फोनवर बघत होतो आणि तो प्रत्येक वेळी काटा कॅमेऱ्यासमोर धरत होता. मी सांगितलं नव्हतं. मला असली माणसं आवडतात.

मग वायसर. मग डक्टमधले चौदा क्लॅम्प, आणि गच्चीवर लाइन वळते तिथे सरळ जोडाऐवजी चार एल्बो टाकून इंग्रजी यूसारखा वळसा, म्हणजे पाइप वाढला तरी वळसा आत-बाहेर होऊन ती वाढ खाऊन टाकतो. स्लॅबच्या भोकातलं सिमेंट छिन्नीने काढून तिथे मोठ्या पाइपाचा तुकडा बाहीसारखा घातला, आतून गरम पाइप मोकळा.

आणि इथे कुरडया आल्या. मार्च महिना. खालच्या वहिनींनी गच्चीत साडीवर कुरडया वाळत घातलेल्या. छिन्नी सुरू करायच्या आधी बघावं, निदान विचारावं, साडी चार हात सरकवावी. नाही. सिमेंटचा भुगा वाऱ्याने उडाला तो थेट गव्हाच्या चिकावर. वहिनी वर आल्या, बघितलं, एक शब्द बोलल्या नाहीत, साडी गुंडाळून घेऊन गेल्या. त्या काहीतरी बोलल्या असत्या तर परवडलं असतं. संध्याकाळी आमच्या हिने स्वतःच्या डब्यातल्या दोन किलो कुरडया नेऊन दिल्या. त्याचा हिशेब बिलात धरलेला नाही. प्लंबरने वहिनींची माफी मागितली, पण ती आम्ही मागायला लावल्यावर. म्हणून अर्धा तारा.

बिल असं: टाकी २,६५०, क्लॅम्प ३५०, वायसर ८०, पाइपाचे तुकडे, एल्बो आणि सॉल्व्हेंट मिळून ७४०, मजुरी ३,२००. बेरीज ७,०२०, घेतले ७,०००. पहिल्या दिवशीचे ३०० त्यातच धरले. पक्कं बिल नाही. टाकीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर पेन्सिलीने हिशेब लिहून दिला. तो मी लॉगच्या वहीत चिकटवून ठेवलाय. टाकीचं वॉरंटी कार्ड मात्र मागून घ्या, तो आपणहून देत नाही. पायाचे ठसे बाथरूमपासून दारापर्यंत. निळ्या पिशव्यावाल्यांचा तो एक मुद्दा मान्य.

आता दीड महिना झाला. मशीन थांबलं की किंचित ठक् होतं, एकदाच. सकाळची टिकटिक गेली. रात्रीच्या रकान्यात पहिले सहा दिवस 'शून्य' लिहिलं, मग वही बंद केली. सहा महिन्यांनी टाकीची हवा एकदा मोजायला सांगितलंय. हवा हळूहळू कमी होतच असते, सायकलच्या ट्यूबसारखीच.

तिसरा आवाज राहिलाय. सोसायटीची मोटर बंद झाली की गच्चीपर्यंत चढलेला पाण्याचा खांब मागे फिरतो आणि खालचा एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, धाडकन मिटतो. पहाटे पावणेसहाला एक, संध्याकाळी एक. पोराने उपाय सांगितला, स्प्रिंगचा एनआरव्ही, जो पाणी मागे फिरायच्या आतच मिटतो. पण तो सोसायटीचा पाइप. सेक्रेटरी म्हणाले, "अर्ज द्या, वार्षिक सभेत घेऊ." अर्ज दिला. मागच्या सभेत गच्चीच्या किल्लीवर दीड तास गेला होता, तेव्हा हा विषय कधी येईल ते मी वहीत लिहून ठेवणार नाही. तोवर पावणेसहाचा ठोका पडला की वॉचमन उठलाय एवढं समजतं.

एक सूचना. गुरुवारी पाणी बंदची बातमी आली की त्या आठवड्यात याला बोलावू नका. शुक्रवारी सगळ्या कोथरूडच्या लाइनींत खरोखरीच हवा शिरलेली असते, नळ खोकत असतात, आणि त्याचा फोन सकाळपासून एंगेज. मी एकदा लावून बघितला. दुपारी तीनला उचलला आणि म्हणाला, "आलोच काका." मी म्हटलं, नको, सहज केला होता.